कोऱ्या कागदांचा बस्ता

अकोल्याच्या दप्तरखान्यातून अमरावतीला गेलेला एकोणीस नंबरचा बस्ता, म्हणजे नकलेचं फडक्यात बांधलेलं गाठोडं, कोरा निघाला, तो दप्तऱ्यामुळे नव्हे. माझ्यामुळे. हे वाक्य लिहायला मला साठ वर्षं लागली, म्हणून सगळ्यांत आधी तेच लिहून टाकलं. यापुढचं कोणी वाचलं नाही तरी माझी तक्रार नाही.

आमच्या निवृत्तांच्या मंडळानं स्मरणिकेसाठी माझ्याकडे लेख मागितला होता. विषयही त्यांनीच दिला. तरुणपणी मी सरकारी कागदांच्या नकला करून त्या सुरक्षित ठेवण्याची एक पद्धत बसवली होती. 'अकरा कलमांचा कागद' म्हणून ती वऱ्हाडातल्या कचेऱ्यांत ओळखली जायची. त्याबद्दल चार गोड पानं हवी होती. मी नऊ पानं दिली. दोन दिवसांनी मंडळाचे चिटणीस ती परत घेऊन घरी आले.

"साहेब, पयली चार पानं झकास हायेत. तेवढीच छापतो."

"आणि बाकीची?"

"कशाले आता? तो दप्तरी गेला, चौकशीवाले साहेब गेले. सारं तुमच्याच अंगावर घेऊन राह्यले तुमी."

"अंगावर आहेच ते. फक्त सदरा काढून दाखवून राहिलो."

छापायचं तर सगळं, नाहीतर एक ओळही नाही, असं मी सांगितलं. ते चहा न घेता उठले. स्मरणिका माझ्याविना निघाली. तिच्या एका पानावर, दुसऱ्या कोणाच्या तरी लेखात, 'एका दप्तऱ्याच्या हलगर्जीपणामुळे तेल्हाऱ्याकडचं दप्तर कायमचं गेलं' असं छापून आलं आहे. म्हणजे साठ वर्षांनीही त्याच माणसाला फटके. म्हणून हा लेख मी माझ्या पुस्तकात घालतो आहे. इथे चिटणीस नाही.

हे डोक्यात पुन्हा जागं झालं ते नातीमुळे. ती पुण्याला संगणकाचं काम करते. दिवाळीला अमरावतीला आली होती, जेवणाच्या टेबलावर संगणक मांडून बसली होती. काय करतेस म्हणून विचारलं, तर म्हणाली, "आबा, स्क्रिप्ट लिहितेय. आठदहा ओळी आहेत. रोज ठरल्या वेळी ही आपोआप चालते, आमच्या सगळ्या फायली गोळा करते, त्यांचं एक गाठोडं बांधते, त्यावर तारीख टाकते आणि दुसऱ्या गावातल्या मशीनवर पाठवून देते. इथलं जळालं तरी तिथे नक्कल आहे."

"आणि जुनं गाठोडं?"

"नवं पोचलं की जुनं पुसून टाकते. जागा किती पुरणार?"

"नवं उघडून पाहते का कोणी?"

ती हसली. "आबा, चूक झाली तर स्क्रिप्ट सांगते ना."

"रिकामं गाठोडं नीट बांधलं, तर ती चूक म्हणते का?"

 मग तिनं त्या दुसऱ्या गावाहून एक गाठोडं परत मागवलं, माझ्यासमोर उघडलं, आतल्या दोनतीन फायली वाचून दाखवल्या. सगळं नीट होतं. तिचं बरोबर होतं. माझं नव्हतं.

आता माझं सांगतो. राज्य नवं झालं त्या सुमारास मी अकोल्याच्या एका कचेरीत कारकून होतो. कचेरीचं नाव लिहीत नाही. दोष भिंतींचा नव्हता. गावोगावच्या जन्ममृत्यूच्या नोंदवह्या आमच्याकडे असत. कोतवालानं लिहिलेल्या, कुठे शाई फुटलेली, कुठे बोटांचे ठसे. शेकडो माणसांच्या असण्याचा तेवढा एकच पुरावा. वरून हुकूम आला की प्रत्येक वहीची एक नक्कल अकोल्याबाहेर, अमरावतीला असावी, आणि दर सहा महिन्यांनी ती नव्यानं करून पाठवावी.

हे काम आमचे दप्तरी बघत. वयानं पन्नाशीचे, बारीक, कुरळी दाढी, डाव्या हाताच्या नखांत कायम खळ. घराण्याचा धंदा पुस्तकं बांधण्याचा. मराठी, मोडी, उर्दू, तिन्ही वाचत. सगळी कचेरी त्यांना चाचा म्हणे. नकलनवीस नक्कल लिहून आणून देई, चाचा आरीनं भोकं पाडून ती शिवत आणि लाल खारव्याच्या फडक्यात बांधत. पण गाठ मारण्याआधी ते एक गोष्ट करत. डोळे मिटून नकलेत तीन ठिकाणी बोट घालत, आणि जिथे बोट पडेल ती ओळ मोठ्यानं वाचत. मूळ वही घेऊन मी समोर बसायचो.

"मुलगी. वार गुरुवार. बाप मजूर."

मी वहीत शोधून म्हणायचो, "आहे."

तीनदा 'आहे' आलं की गाठ. एकदा जरी नाही आलं, तर फडकं उघडंच राही आणि नकलनवीस परत बसे. एका बस्त्याला अर्धा तास जाई. बस्ते चाळीस.

मला हे फार खटके. मी पंचविशीचा, हुशार म्हणून नाव झालेलं. हंगामी नकलनवीस यायचे आणि जायचे, प्रत्येकाला पहिल्यापासून शिकवावं लागे. मी ठरवलं की हे काम माणसाच्या डोक्यातून काढून कागदावर उतरवायचं. वाचता येणारा कोणीही, स्वतःचं डोकं न लावता, एकापुढे एक कलम करत गेला की बस्ता तयार झाला पाहिजे. वही काढा. पानं मोजा. तेवढेच कागद घ्या. उतरवा. पुन्हा मोजा. शिवा, बांधा, नंबर टाका, पाठवा. अमरावतीच्या टोकालाही माझंच कलम: पानं मोजा, आकडा जुळला की नवा बस्ता फळीवर ठेवा, जुना काढून रद्दीत द्या. मी आजही म्हणतो, कामाची पद्धत लिहून काढण्यात काही चूक नव्हती. त्या कागदाची मला आजही लाज वाटत नाही. लाज दोन गोष्टींची वाटते, त्या येतीलच.

पहिल्या खर्ड्यात बारा कलमं होती. नववं होतं तीन ठिकाणी बोट घालून वाचण्याचं. ते मी काढून टाकलं. चाचांनी कागद वाचला आणि चष्मा कपाळावर चढवला.

"बाबूजी, माहं बोट कावून काढलं?"

"येळ जाते ना चाचा. तिथं पानं मोजतेतच."

"पानं मोजून काय होते? कोरं पानही पानच असते."

"कोरं कोन पाठवते?"

"तुमचा कागदच पाठवते. सातवं कलम वाचा तुमचं."

सातवं कलम असं होतं. एखादी वही कोर्टात वा साहेबांकडे गेलेली असेल, तर मागच्या वेळी जितकी पानं होती तितके कोरे कागद बांधावेत, मधोमध 'मूळ बाहेर' अशी चिठ्ठी ठेवावी आणि बस्ता नंबरासह पाठवावा. ऐकायला वेडेपणा वाटेल, पण त्याला कारण होतं. चाळीसपैकी एक नंबर कमी पडला, तर अमरावतीचे लोक सगळीच खेप बडनेरा स्टेशनावरूनच परत फिरवत. तसं दोनदा झालंही होतं. नंबर तुटू नये म्हणून मी ही युक्ती काढली. चिठ्ठी आत आहे, बस्ता उघडणाऱ्याला दिसेल, असा माझा हिशेब. आणि उघडण्याचं कलम मीच खोडलेलं. एकाच दुपारी, एकाच टाकानं, मी दोन्ही गोष्टी केल्या आणि मला त्या एकमेकींशेजारी दिसल्या नाहीत. चाचांना दिसल्या.

कागद सायक्लोस्टाईल होऊन गावोगावी गेला. चाळीस बस्ते चार दिवसांत जाऊ लागले. साहेबांनी भर बैठकीत माझी पाठ थोपटली. त्या उन्हाळ्यात तेल्हाऱ्याकडच्या काही गावांची वही, एकोणीस नंबरची, वारसाच्या एका दाव्यात कोर्टात गेलेली होती. हंगामी नकलनविसानं सातव्या कलमाप्रमाणे कोरे कागद मोजले, चिठ्ठी लिहिली, चाचांपुढे ठेवली. चाचा बस्ता घेऊन माझ्या टेबलाशी आले.

"बाबूजी, हा कोरा हाय. वरतून लिहून द्या, कोरा म्हणून."

"वरून फक्त नंबर लिहायचा, चाचा. आत चिठ्ठी आहे ना?"

"हाय."

"मग झालं."

"तिकडं कोन खोलून पाहाते?"

"चाचा, कलमात नाही ते मी कसं लिहू?"

 माझ्यासमोरच त्यांनी गाठ मारली. त्यांची गाठ एका हिसक्यात सुटत असे, पण आपोआप कधी सुटत नसे.

अमरावतीला पानं मोजली गेली. आकडा जुळला. कोरा बस्ता फळीवर चढला आणि आधीची शाईची, खरी नक्कल रद्दीत गेली. सगळं कलमाप्रमाणे.

कोर्टातून वही परत आली ती मागच्या भिंतीतल्या कपाटात ठेवली गेली. पुढच्या खेपेला अजून चार महिने होते. त्याच सुमारास माझी बढती होऊन मी अमरावतीला त्याच फळ्यांपाशी आलो. त्या कागदाच्याच जोरावर आलो, हेही लिहून ठेवतो.

पावसाळा संपल्यावर तेल्हाऱ्याकडच्या एका खेड्यातून एक मुलगी बापाबरोबर अकोल्याला आली. छप्पन साली बौद्ध झालेल्यांपैकी घर, बाप सालदार. तिला दवाखान्यातल्या नर्सच्या शिक्षणाला जागा मिळत होती. जन्माचा दाखला हवा होता. चाचांनी कपाट उघडून एकोणीस नंबरची वही उचलली, तर पुठ्ठा हातात आला आणि आत माती. वाळवीनं बाहेरची कड तशीच ठेवून आतलं सगळं खाल्लं होतं. कोणी घाबरलं नाही. अमरावतीला नक्कल आहे. मला तार आली.

मी फळीवरून बस्ता काढला. खोलीत एकटाच होतो, दुपारची वेळ. एक हिसका दिला, गाठ सुटली. कोरे कागद. मधोमध चिठ्ठी. 'मूळ बाहेर'.

ती चिठ्ठी मी सदऱ्याच्या खिशात घातली.

घाबरलो, सुचलं नाही, वय लहान होतं, असलं काही मी म्हणणार नाही. मला सगळं सुचत होतं. चिठ्ठी सापडली तर विचारणार की मूळ बाहेर आहे असं आत लिहिलेलं असताना जुनी नक्कल रद्दीत कशी गेली. उत्तर एकच होतं, माझा कागद. चिठ्ठी नसेल, तर सातवं कलम मोडलं गेलं, आणि ते मोडणारा तो, ज्याची गाठ. एवढा हिशेब माझा खिशापर्यंत हात जाईस्तोवर झाला होता.

दुसऱ्या दिवशी मी बस्ता घेऊन अकोल्याला गेलो. ओसरीवर ती मुलगी बसलेली. साहेबांनी बस्ता तिच्यादेखत उघडला. तिनं पानं पाहिली, मग माझ्याकडे पाहिलं.

"म्हंजे मी जल्मलीच नाई का?"

बापानं तिला दटावलं. चाचा मात्र तिच्याशी बोलले. "बेटी, तू तं समोर उभी हायेस. मेला तो कागद."

मग ते साहेबांकडे वळले. "साहेब, चिठ्ठी आत होती. म्या बाबूजीले दाखवून बांधला. बाबूजी, सांगा ना."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. साहेबांनी अकरा कलमांचा कागद समोर धरला होता. "सातव्या कलमात चिठ्ठी लिहिलेली आहे," ते म्हणाले, "तुम्ही बस्ता उघडलात तेव्हा होती का?"

"नव्हती, साहेब," मी म्हणालो.

चिठ्ठी त्याच सदऱ्यात होती. खाली वाकलो असतो तर पडली असती.

चाचांनी आवाज चढवला नाही. "अच्छा," एवढंच म्हणाले. नंतर आपल्या टेबलावरची आरी, सुया आणि खळीची वाटी एका फडक्यात बांधली आणि चौकशीचा कागद निघायच्या आधीच घरी गेले. कागद निघाला तेव्हा त्यात त्यांना कामावरून काढल्याचं होतं. मुलीला पुढे गावच्या दाईच्या आणि पाच माणसांच्या साक्षीवर दाखला मिळाला, पण त्या वर्षीची जागा गेली होती. माझ्या कागदात साहेबांनी एका बाराव्या कलमाची भर घातली. बांधण्याआधी व पोचल्यावर, दोन्ही टोकांना, तीन ठिकाणी उघडून वाचावे. चाचांचं बोट परत आलं. खाली सही माझीच राहिली.

आठदहा वर्षांनी मी पुन्हा अकोल्याला गेलो, तेव्हा कळलं की चाचांनी बाजारात पुस्तकं बांधायचं दुकान टाकलं आहे. माझ्या थोरल्या मुलीचा भूगोल फाटला होता, तो घेऊन गेलो. खरं तर भूगोलाचं निमित्त होतं. त्यांनी मला ओळखलं, पुस्तक घेतलं, संध्याकाळी या म्हणाले. गेलो तेव्हा त्यांनी पुस्तकात तीन ठिकाणी बोट घालून तीन ओळी मोठ्यानं वाचल्या आणि पुस्तक माझ्या पुढ्यात सरकवलं.

"खोलून पाहून घ्या, बाबूजी. मंग म्हनसान, दप्तऱ्यानं कोरे कागद बांधले."

दुकानातली दोन गिऱ्हाइकं हसली. त्यांना काही कळलं नव्हतं. माझ्या खिशात तेव्हाही चिठ्ठी होती, मी ती घेऊनच गेलो होतो. ती काढली नाही. पुस्तक घेऊन आलो.

एवढं लिहून झाल्यावर मी अकोल्याला गेलो. या वयात बसनं जाऊ नका म्हणून घरच्यांनी कटकट केली, मी गेलो. चाचांची मुलगी तिथे राहते. उर्दू शाळेतून शिक्षिका म्हणून निवृत्त झालेली, आता सत्तरीची. चौकशी झाली तेव्हा ती दहा वर्षांचीही नव्हती. मी कोण ते सांगितल्यावर तिनं बसायला सांगितलं, पण पाणी आणलं नाही. ते योग्यच होतं. मी तिच्यापुढे हे लिखाण ठेवलं आणि त्यावर ती चिठ्ठी ठेवली. पिवळी पडलेली, घडीवर फाटलेली, पण दोन्ही शब्द साफ.

"हे काय?"

"तुमचे अब्बा म्हणत होते, आत चिठ्ठी होती. ही ती."

तिनं ती बराच वेळ हातात धरली. "अब्बा घरात रोज म्हणायचे. अम्मी म्हणायची, सोडा आता, असेल पडली कुठे. शेवटी शेवटी आम्हीही म्हणायला लागलो, असेल पडली." मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आम्हीसुद्धा."

 कचेरीत त्यांची नोकरी गेली एवढंच मी इतकी वर्षं धरून बसलो होतो. त्यांच्या स्वतःच्या घरातही त्यांचा शब्द मी पाडला होता, हे मला त्या दिवशी कळलं.

मी म्हणालो, "हे लिखाण छापायला देणार आहे. बांधण्याआधी तुम्ही तीन ठिकाणी वाचून पाहा."

ती मला हाकलून देईल असं वाटलं होतं. तिनं चष्मा लावला, पानांत बोट घातलं. पहिली ओळ सातव्या कलमाची निघाली. वाचली, मान हलवली. दुसरी निघाली 'ती चिठ्ठी मी सदऱ्याच्या खिशात घातली'. ती तिनं दोनदा वाचली. तिसऱ्यांदा बोट दुकानाच्या प्रसंगाखाली पडलं. तिथे मी लिहिलं होतं की त्या संध्याकाळी चाचांनी मला मनातून माफ केलं असावं.

"हे नाही," ती म्हणाली.

"काय नाही?"

"अब्बांनी माफ नव्हतं केलं. त्या दिवशी घरी येऊन म्हणाले होते, आज तो आला होता, आजही बोलला नाही. काढा ही ओळ."

मी पेन काढून तिच्यासमोर ती ओळ खोडली. चिठ्ठी तिच्याकडे राहू द्यावी असं माझ्या मनात होतं, पण तिनं ती माझ्याकडे सरकवली. "आम्हाला माहीत झालं," ती म्हणाली, "आता बाकीच्यांना दाखवा."

खोडलेल्या ओळीच्या जागी मी दुसरं काही लिहिलेलं नाही. बाकीची पानं तिनं पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून काढली, मी समोर बसलो होतो. वाचून झाल्यावर तिनं ती जुळवून माझ्या हातात दिली आणि म्हणाली, "आहे."